टेलिमेडिसिन: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

सह्यकडा

२५ मार्च २०२०. लॉकडाऊनचा पहिला दिवस. त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली आणि फोनवरून, व्हिडिओवरून रुग्ण बघण्याला देशात पहिल्यांदा स्पष्ट नियम मिळाले. १३ एप्रिलला ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली सरकारी सेवा, तीही फुकट. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

आकडा मोठा आहे. तरी तुमच्या इमारतीत, वाडीत, नात्यागोत्यात विचारून बघा, गेल्या वर्षभरात किती जणांनी डॉक्टरला व्हिडिओवर दाखवलं? माझ्या ओळखीतले बहुतेक लोक कोविड सरला तसे पुन्हा दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. फोनवरून पैसे पाठवतात, रेल्वेचं तिकीट काढतात, सातबारा उतरवून घेतात. डॉक्टर मात्र समोरच हवा.

कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "रेंज नाही हो." धडगाव, अक्कलकुवा, भामरागड या बाजूला जाऊन आलेल्याला ते खोटं म्हणता येणार नाही. पण इस्रोने २००१ मध्येच चेन्नईचं अपोलो रुग्णालय आणि आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यातलं अरगोंडा गाव उपग्रहाने जोडलं होतं. म्हणजे पैसे ओतले तर रेंजचा प्रश्न तेव्हाही सुटत होता. तरी अरगोंड्यासारखी गावं जिकडेतिकडे उभी राहिली नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ठोकायला सोपं. आपण सगळा विचार डॉक्टरच्या बाजूच्या पडद्याचा केला. रुग्णाच्या शेजारी कोण बसलंय, त्याच्या हातात कोणतं यंत्र आहे, कॉल संपल्यावर गोळी कोण देणार आणि गरज पडली तर पुढे कोण पाठवणार, याकडे कोणी बघितलंच नाही. जिथे बघितलं तिथे गाडी चालते. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाची दृष्टी केंद्रं आहेत. गावातल्या केंद्रात प्रशिक्षण घेतलेली मुलगी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळा तपासते, नंबर काढते, सगळं भरून ठेवते, आणि मग मुख्य रुग्णालयातला डॉक्टर व्हिडिओवर रुग्णाशी बोलतो. चष्म्याची सोय तिथेच. डॉक्टरचा नंबर शेवटी लागतो.

डॉक्टर, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), औषधवाले, रुग्ण, ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा. "आपले लोकच अडाणी" छापाचे प्रतिसाद फाट्यावर मारले जातील.

शंकासुर

लोक चांगले हुशार आहेत. फोनमधून सलाईन चढत नाही हे त्यांना कळतं.

तालुक्याचा डॉक्टर

शंकासुर यांनी चेष्टेत लिहिलंय, पण निम्मं उत्तर तेच आहे.

मी एमबीबीएस, मराठवाड्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. आमच्याकडे पेशंट जे पैसे देतो त्यात तपासणी, दोन दिवसांच्या गोळ्यांची पुडी आणि लागलं तर इंजेक्शन, सगळं आलं. नुसत्या सल्ल्याची अशी वेगळी फी आमच्या धंद्यात कधी नव्हतीच. मग फोनवर मी पैसे कशाचे मागू? "डॉक्टर, फक्त विचारायचं होतं" असे फोन दिवसभर येतात. मी घेतो. म्हणजे टेलिमेडिसिन आम्ही कधीपासूनच करतोय, फक्त फुकट आणि नोंद न ठेवता. नियमाप्रमाणे करायचं तर रुग्णाची ओळख पटवा, वय-पत्ता लिहा, नोंद जपून ठेवा, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक टाका. एवढं सगळं झाल्यावर तो माणूस म्हणणार, "बरं, मग उद्या येऊन दाखवतोच."

आता हाताबद्दल. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवला की ते कडक आहे का, दाबून सोडल्यावर कळ येते का, हे कळतं. कॅमेऱ्याला ते कळत नाही. लहान मुलाचा खोकला घ्या. न्यूमोनिया आहे का हे ठरवायला श्वास मोजतात, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४०, अशा रेषा आखलेल्या आहेत. वाटतं, सदरा वर करायला सांगितलं की व्हिडिओवर सहज मोजता येतील. पण चित्र मध्येच अडकतं, मग उडी मारून पुढे जातं, आणि त्या उडीत किती श्वास गेले कोण सांगणार? ४८ आणि ५२ मध्ये औषध बदलतं. पोराची आई तेवढ्यात त्याला गप्प करायला दूध पाजायला घेते, तो भाग वेगळाच.

उलट बीपी, साखर, थायरॉइडचे माझे जुने पेशंट फोनवर उत्तम सांभाळले जातात. त्यांचं पोट मला माहीत आहे, घर माहीत आहे, कोण गोळ्या चुकवतं तेही माहीत आहे. फोन तिथे चालतो कारण ओळख आधी झालेली असते. अनोळखी रुग्ण, नवी तक्रार, पहिलीच भेट आणि तीही फोनवर, हे माझ्या पचनी पडत नाही.

धागालेखकांना एकच प्रश्न. रुग्णाच्या शेजारी माणूस बसवा म्हणता, त्याचा पगार कोण देणार?

सह्यकडा

डॉक्टरसाहेब, माणूस आधीच नेमलेला आहे. उपकेंद्राचा निकष ५,००० लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला एक. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ बसतात. नर्सिंगचे पदवीधर किंवा बीएएमएस, वर सहा महिन्यांचा कोर्स केलेले. प्रश्न पगाराचा कमी, त्यांच्याकडून आपण काय करून घेतो याचा जास्त आहे.

इथे कोणी सीएचओ आहेत का?

कडूनिंब

आहे ना भाऊ. मेळघाटात आहे. सविस्तर लिहितो, वाचायला वेळ असेल तरच वाचा.

पेशंट आला की मी बीपी, साखर, हिमोग्लोबिन, वजन, ऑक्सिजन बघतो. पोर्टलवर नाव टाकतो, तक्रार लिहितो, आकडे भरतो, मग हबच्या, म्हणजे पलीकडे कॉल घ्यायला बसवलेल्या, डॉक्टरला कॉल लावतो. ते बघतात, चिठ्ठी पाठवतात, मी औषध देतो. कागदावर सुंदर आहे. आता बारकावे बघा.

आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, नसेल तर काढून द्या म्हणतात. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. मोबाईल घरधन्याकडे, घरधनी मजुरीला परतवाड्याला. ओटीपी वाजतो परतवाड्यात आणि बाई बसलीय माझ्यासमोर. सोडून द्यावं लागतं.

मग भाषा. आजीबाई कोरकू बोलते. मला कोरकू कामापुरती येते, तब्येतीचं बारीकसारीक विचारायला आशाताईच लागते. हबचे डॉक्टर मराठीत विचारतात, मी आशाताईला सांगतो, ती आजीला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. "छातीत जळजळ" आणि "छातीत दुखतं" यातला फरक त्या वाटेवर पुसला गेला तर? म्हणून मी आजकाल आजीला हातानेच दाखवायला सांगतो आणि कॅमेरा तिच्या हातावर धरतो.

औषधाचं. उपकेंद्राच्या यादीत १०५ औषधं आहेत. यादीत असणं आणि कपाटात असणं यात फरक असतो, हे सरकारी नोकरी केलेल्याला सांगायला नको. डॉक्टरला माझं कपाट दिसत नाही. ते त्यांच्या सवयीचं लिहितात. मग मी पेशंटला म्हणायचं, हे धारणीहून आणा. तो म्हणतो, धारणीलाच जायचं होतं तर तुझ्याकडे कशाला आलो?

आणि सगळ्यात गंमतीचं म्हणजे टार्गेट. आमच्या मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर ठरतो आणि त्या निर्देशकांत टेलिकन्सल्टेशन धरतात. मग महिनाअखेरीस काय होत असेल ते ओळखा. ज्या सर्दीला मी स्वतः गोळी देऊ शकतो तिलाही कॉल लागतो. हबवर रांग लागते. त्या रांगेत ज्या बाईला खरंच स्त्रीरोगतज्ज्ञ हवी ती ताटकळत बसते आणि घरी निघून जाते. आकडा मात्र वाढलेला असतो.

असं असूनही मी याच्या बाजूने आहे. का, ते सांगतो. सातव्या महिन्यातली पोर, बीपी १५० वर १००, पायाला सूज. मी सांगतोय, उपजिल्हा रुग्णालयात चला. सासू ऐकायला तयार नाही, "आमच्या वेळी असं काही नव्हतं" चालू. मी कॉल लावला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पेशंटशी नंतर बोला, आधी सासूशी बोला. बाई चांगल्या होत्या. पाच मिनिटं नुसत्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, मी तिथे फोन करून ठेवते, तुम्ही तिच्यासोबत बसा. सासू स्वतः गाडीत चढली. मी तीच गोष्ट दोन दिवस सांगत होतो. हा उपयोग कुठल्या निर्देशकात मोजतात माहीत नाही.

शंकासुर

कडूनिंब, प्रतिसाद जबरी. सासूचा सल्ला घेतला हे पोर्टलमध्ये कोणत्या खात्यात भरलंत?

कडूनिंब

जनरल ओपीडी 😄

माजघर

इतका वेळ सगळे पुरुष बोलतायत म्हणून विचारते. कॉल चालू असताना खोलीत आणखी कोण असतं?

अंगावरून पांढरं जातं, पाळी दोन महिने चुकलीय, नवऱ्याला मूल नको पण गोळ्या मला घ्यायला लावतो, रात्री झोप येत नाही आणि मनात नको ते येतं. ही वाक्यं दोन खोल्यांच्या घरात, फोन स्पीकरवर ठेवून बोलून दाखवा बघू. दवाखान्यात निदान एक पडदा असतो आणि डॉक्टरीण "तुम्ही बाहेर थांबा" म्हणू शकते. व्हिडिओवर ती कोणाला बाहेर काढणार? कॅमेऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते तिला दिसतच नाही.

आणि फोन कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के निघाले. तेही "कधीतरी". स्वतःचा, कुलूप घालता येईल असा फोन ही त्याच्यापुढची पायरी.

अजून एक, जे कोणत्याच अहवालात लिहिलेलं मला दिसलं नाही. दवाखान्यात जाणं ही पुष्कळ बायकांची घराबाहेर पडायची एकमेव हक्काची सबब असते. एसटीने तालुक्याला जायचं, दाखवायचं, येताना बहिणीकडे चहा. तुम्ही म्हणता वेळ वाचला, प्रवास वाचला. तिचा प्रवास वाचायला नकोच होता.

सह्यकडा

माजघर, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण एक आकडा याच्या उलट जातो. ई-संजीवनीच्या १० कोटींच्या वेळी सरकारने सांगितलं होतं की लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत. घरात बोलता येत नसेल तर हे कसं?

माजघर

कारण त्यातले बहुतेक कॉल घरातून झालेलेच नाहीत. ते कडूनिंब यांच्यासारख्यांच्या उपकेंद्रातून झालेत. बाई घराबाहेर पडली, उपकेंद्रात आली, सिस्टरशी बोलली, मग व्हिडिओचा पडदा आला. आकडा तुमच्या मूळ मुद्द्याच्याच बाजूचा आहे, उगाच घाबरू नका.

मनाच्या आजारांसाठी टेलिमानस आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. साधा आवाजाचा कॉल, स्मार्टफोन लागत नाही, त्यामुळे ते जास्त जमण्यासारखं आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलता येतं. माझ्या ओळखीतल्या एकीने तसंच केलं.

कलम वाचक

डॉक्टर लोकांच्या भीतीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी वकील आहे, पण हा कायदेशीर सल्ला नव्हे.

जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला. बाळंतीण पुन्हा दाखल झाली तेव्हा डॉक्टर गावात नव्हते, फोनवरून सूचना देऊन उपचार चालले, दुसऱ्या डॉक्टरची सोय केलेली नव्हती, आणि ती दगावली. बातमी पसरली ती मात्र "फोनवर औषध सांगितलं म्हणून डॉक्टर आत जाणार" अशी. कोकणात कितीतरी डॉक्टरांनी फोनवर बोलणंच बंद केलं. निकाल नीट वाचला तर तिथे मुख्य अडचण होती दाखल रुग्णाजवळ डॉक्टर नसणं. पण व्हॉट्सॲपवर निकाल कोण वाचतो?

२०२० ची तत्त्वं या भीतीवर बऱ्यापैकी उतारा आहेत. ती वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडली आहेत, त्यामुळे त्यांना वजन आहे. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत. औषधांच्या याद्या आहेत. साधी औषधं कशाही मार्गे सांगता येतात. पहिल्याच भेटीत त्यापुढची काही औषधं द्यायची तर व्हिडिओ हवा. त्याच तक्रारीसाठी सहा महिन्यांत प्रत्यक्ष दाखवलेलं असेल तर जुन्या औषधात भर घालायला आणखी सूट. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातली औषधं) आणि एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) यांतलं काहीही नाही. आणि हे फार कोणाला ठाऊक नसतं: रुग्ण यायला तयार असताना, प्रत्यक्ष दाखवायचं म्हणत असताना, डॉक्टरने व्हिडिओचाच आग्रह धरला तर तो गैरवर्तनात मोडतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी आचारसंहिता आणली आणि त्याच महिन्यात स्थगितही केली. त्या गोंधळात डॉक्टरांना वाटलं टेलिमेडिसिनचे नियमही गेले. गेलेले नाहीत.

तालुक्याचा डॉक्टर

धन्यवाद. पण कलम कितीही चांगलं असलं तरी काही झालं तर आधी दवाखान्याच्या काचा फुटतात, परिशिष्ट नंतर वाचलं जातं. फोनवर "तुम्ही लगेच दवाखान्यात या" हेच वाक्य सगळ्यात सुरक्षित आहे आणि आमच्यातले बहुतेक तेच म्हणतात.

एचवन रजिस्टर

औषध दुकानाच्या काउंटरमागून दोन शब्द.

तत्त्वांत डॉक्टरने सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा ई-चिठ्ठी चालते. छान. आता औषधांचे जुने नियम बघा. चिठ्ठीवर औषध दिलं की दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख त्याच चिठ्ठीवर टाकायची, आणि डॉक्टरने पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर दुसऱ्यांदा द्यायचं नाही. कागदावर मी शिक्का मारतो. गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधल्या पीडीएफवर शिक्का कुठे मारू? काचेवर? तीच पीडीएफ घेऊन तो चौकातल्या पाच दुकानांत फिरला तर पाचही जण प्रामाणिकपणे औषध देतील. अल्प्राझोलामसारख्या सवय लागणाऱ्या गोळीच्या बाबतीत ही थट्टा नाही. १ मार्च २०१४ पासून एच-वन या जास्त कडक नियमांच्या यादीतल्या औषधांचं वेगळं रजिस्टर आम्हाला ठेवावं लागतं, तीन वर्षं जपावं लागतं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, नग. तपासणीला आलेला माणूस माझं रजिस्टर बघतो, त्याला पीडीएफ खरी की खोटी याच्याशी कर्तव्य नसतं.

म्हणून काय होतं, की अनोळखी शहरातल्या अनोळखी डॉक्टरची मोबाईलवरची चिठ्ठी आली की मी "स्टॉक नाही" म्हणतो. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पेशंटला वाटतं ऑनलाइन डॉक्टरने कुठलं तरी न मिळणारं औषध लिहिलं. तो परत त्या वाटेला जात नाही.

चिठ्ठी एकाच मध्यवर्ती जागी उघडावी, दिलेलं औषध तिथेच खोडलं जावं, एवढं केलं तरी माझ्यापुरती अडचण संपेल.

सह्यकडा

हे "स्टॉक नाही" प्रकरण मला आज कळलं. कॉल संपल्यावर काय, हा प्रश्न मी लिहिला खरा, पण त्याचं इतकं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. आमच्याकडे पैसा, रेंज, यंत्रं सगळं असून वेगळीच गाठ आहे. डॉक्टरचा परवाना राज्यापुरता आणि पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना लागतो. कोविडात बऱ्याच राज्यांनी सूट दिली, नंतर एकेकाने काढून घेतली. माझ्या ओळखीतल्या एक काकू, त्यांची डॉक्टर न्यू यॉर्कची म्हणून, पूल ओलांडून पलीकडे जातात आणि गाडी लावून गाडीतच व्हिडिओ कॉल घेतात. घरी सोफ्यावर बसून घेतला तर बेकायदा.

भारताच्या तत्त्वांतही देशाबाहेरच्या पेशंटला सल्ला देणं बसत नाही. त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांनी मला स्वतःसाठी नकार दिला तर त्यात चूक नाही. आईसाठी मात्र वाट आहे. ती सांगलीत, डॉक्टर सांगलीत, मी इथून कॉलमध्ये तिसरी. आईला ऐकू कमी येतं. डॉक्टर बोलतात, ती "हो हो" म्हणते, आणि नंतर मला विचारते काय म्हणाले. आता मी कॉलमध्ये असते आणि तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगते. डॉक्टर वैतागतात कधीकधी, पण औषध बरोबर जातं.

आईच्या शेजारी तिचा सांभाळ करणारी ताई बसते. ती नसेल त्या दिवशी मी कॉल रद्द करते. धागालेखकांशी शंभर टक्के सहमत.

शंकासुर

बरं, आता मी उलट बाजू घेतो, नाहीतर धागा भजनी मंडळ होईल. तुम्ही सगळे गावाकडचं बोलताय. शहरात ॲपवर दोन मिनिटांत डॉक्टर मिळतो, तिथे शेजारी माणूस लागत नाही, यंत्र लागत नाही. त्वचेचे फोटो, रिपोर्ट वाचून घेणं, दुसरं मत, हे सगळं ऐटीत चालू आहे. मग अडलंय कुठे? आणि उद्या एआय आला की डॉक्टरही लागणार नाही.

तालुक्याचा डॉक्टर

एआयचं कलम वाचक सांगतील, पण मला जेवढं आठवतं त्याप्रमाणे त्याच तत्त्वांत लिहिलंय की यंत्राने परस्पर सल्ला द्यायचा नाही की औषध लिहायचं नाही, डॉक्टरला मदत करायला हरकत नाही.

ॲपचं म्हणाल तर दोन मिनिटांत डॉक्टर मिळतो, पण दर वेळी वेगळा. माझा एक पेशंट पुण्याला मुलाकडे गेला आणि तिथून ॲपवर तीन वेळा खोकला दाखवला. तिघांनी तीन अँटिबायोटिक दिले. तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं की तो बीपीसाठी एनालाप्रिल घेतोय, ज्याने असा कोरडा खोकला येतो. तिघं माझ्याहून कमी शिकलेले होते असं नाही. त्यांना आधीची चिठ्ठी कोणी दाखवली नाही आणि त्यांनी मागितली नाही.

कलम वाचक

एआयबद्दल बरोबर आठवतंय तुम्हाला.

जाता जाता, एक्स-रे आणि ईसीजी दूर पाठवून वाचून घेणं हेही टेलिमेडिसिनच, आणि ते विनातक्रार चालतं. तिथे रुग्णाला काही विचारावं लागत नाही आणि फिल्म काढणारा तंत्रज्ञ रुग्णापाशीच उभा असतो.

मधली सुट्टी

नवीन सभासद आहे, प्रश्न थोडा अवांतर. वडिलांना पक्षाघात होऊन गेला, आता घरी आहेत, उजवी बाजू कमजोर. न्यूरोलॉजिस्ट दीडशे किलोमीटरवर. पुढची भेट व्हिडिओवर घेऊ म्हणालेत. दर वेळी गाडी करून न्यायला वडिलांनाच फार त्रास होतो. आम्ही काय तयारी ठेवावी?

तालुक्याचा डॉक्टर

अवांतर अजिबात नाही.

आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी घ्या, वहीत तारखेसह लिहा आणि त्या पानाचा फोटो कॉलच्या आधीच पाठवून द्या. साखर असेल तर तीही. सगळ्या औषधांची पाकिटं एका ताटात ठेवा, आयुर्वेदिक आणि मेडिकलवाल्याने दिलेलीसुद्धा, आणि एकेक कॅमेऱ्यासमोर धरा. नावं वाचून दाखवू नका, त्यात घोळ होतो. वडील चालतात तेव्हाचा व्हिडिओ आदल्या दिवशी काढून ठेवा, पूर्ण अंगाचा, समोरून आणि बाजूने. थेट कॉलमध्ये चालायला लावलं तर फोन धरणाराही चालतो आणि काहीच दिसत नाही. उजेड तोंडावर पडू द्या, खिडकीकडे पाठ नको. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट हाताशी.

कॉलच्या वेळी रोज औषध देणारी व्यक्ती तिथे हवी. मुलगा पुण्याहून आलाय म्हणून तोच बोलतोय आणि आई स्वयंपाकघरात, असं करू नका. डॉक्टर "दोन्ही हात समोर धरा, डोळे मिटा" म्हणतील तेव्हा वडिलांच्या कमजोर बाजूला एकाने उभं राहायचं, तोल जातो. गिळताना ठसका लागतो का हे डॉक्टरांनी नाही विचारलं तरी तुम्ही सांगा.

आणि बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात नव्याने गळाला, तर व्हिडिओची वेळ ठरलेली आहे म्हणून थांबू नका. १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या, शेवटचे ठीक कधी होते ती वेळ लिहून घेऊन.

मधली सुट्टी

खूप आभार. आईला शेजारी बसवतो. ठसका लागतो, हे आम्ही आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

तालुक्याचा डॉक्टर

मग कॉलची वाट बघू नका, आज संध्याकाळपासूनच बसवून, हनुवटी थोडी खाली करून, घट्टसर भरवा. पातळ चहा-पाणी जपून. आणि उद्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून हे सांगा.